नळीचे माप आणि हाताची सवय

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा बंदूक यांच्या नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास म्हणजे बोअर. हल्ली त्यालाच कॅलिबर म्हणतात. व्याख्या सोपी असली तरी दुकानात जो आकडा बोलला जातो तो मापाचा कमी आणि नावाचा जास्त असतो. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी मापली तर ती इंचाच्या ०.३१२ ते ०.३१४ भरते. .३८ स्पेशलची गोळी ०.३५७ इंचाची असते. वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात ज्याला ‘७.६५ बोअरचे पिस्तूल’ म्हणतात ते आणि परवानाधारकाच्या बोलण्यातले ‘बत्तीस बोरचे पिस्तूल’ ही एकाच काडतुसाची दोन नावे आहेत. एक मिलिमीटरमधले, दुसरे इंचातले. त्यामुळे बोअर निवडणे म्हणजे नळीचा व्यास निवडणे नव्हे. विशिष्ट लांबीची पुंगळी, विशिष्ट वजनाची गोळी, दारूचा ठरावीक भार आणि हे सगळे पुरवणारा कोणीतरी कारखाना, एवढा सारा संच त्या निवडीबरोबर घरात येतो.

हा संच बांधला जाण्याआधी काय स्थिती होती, याची आठवण पुणे जिल्ह्यातल्या मावळात सहज निघते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज कार्ल्यापासून तळेगावपर्यंत मराठ्यांनी जेरीस आणली. ‘इष्टुर फाकडा’ या नावाने लोकांच्या तोंडी राहिलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याला पडला आणि महिन्याच्या मध्यावर वडगावचा तह झाला. इंग्रज शिपायांच्या हातातली ‘ब्राउन बेस’ बंदूक पाऊण इंच व्यासाच्या नळीची होती आणि तिची गोळी नळीपेक्षा बरीच सैल असे, म्हणजे काजळी साचली तरी ठासता येई. मराठी बाजूच्या तोड्याच्या बंदुका वेगवेगळ्या कारागिरांच्या, तेव्हा प्रत्येकीची नळी वेगळी आणि गोळ्यांचा साचाही वेगळा. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत बसेलच याची खात्री नसे. एक पौंड शिशातून किती सारख्या गोळ्या पडतात यावरून नळीचे माप सांगण्याची रीत त्याच काळातली. ‘बारा बोर’ हा शब्द तिथून आला. पौंडात बारा गोळ्या, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपासची नळी. मावळातल्या शेतकऱ्याच्या घरी आज एखादी परवान्याची बंदूक असेल तर ती बहुधा हीच.

धातूची पुंगळी, बुडाला टोपी आणि तोंडाला गोळी असे एकसंध काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. तेव्हापासून बोअर हा नळी आणि काडतूस-कारखाना यांच्यातला करार झाला. या करारातली एक बाजू मावळाच्या दारातच आहे. लोणावळ्याहून निघालेली लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत देहूरोडच्या लष्करी आवारांजवळून जाते आणि शिवाजीनगरच्या आधी खडकीला थांबते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तिथल्या काडतुसांच्या बुडावरची ‘के एफ’ ही अक्षरे देशभरच्या परवानाधारकांना पाठ आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. काडतुसांचा कारभार ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेला आणि तिचे मुख्यालय पुण्यात आले. पिस्तुले-रिव्हॉल्व्हर बनवणारे कानपूरचे कारखाने ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या वेगळ्या कंपनीत गेले. शस्त्र उत्तरेत घडते आणि काडतूस खडकीत, असा हा व्यवहार आहे.

रोजचा नेमबाज म्हणजे सैनिक नव्हे, पोलीस नव्हे आणि पदकाच्या रांगेत उभा असलेला खेळाडूही नव्हे. तळेगावहून बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जाणारी अकरावीतली मुलगी, नौदलाच्या नोकरीतून निवृत्त होऊन लोणावळ्यात स्थायिक झालेला अभियंता, पवन मावळात शेतघर बांधून राहणारे जोडपे, रोकड घेऊन ये-जा करणारा पेट्रोल पंपाचा मालक, ही माणसे त्यात येतात. इंग्रजी पुस्तके आणि अमेरिकी चित्रफिती बोअरबद्दल जे सांगतात ते यांच्यातल्या कोणालाच फारसे लागू पडत नाही. तिकडे नऊ एमएम की पंचेचाळीस, हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद आहे. इकडे तो वाद कायद्यानेच निकालात काढला आहे.

भारतात शस्त्रांचा कारभार १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांवर चालतो. सध्याचे नियम २०१६चे आहेत. या व्यवस्थेत बोअरचे दोन वर्ग पडतात, प्रतिबंधित आणि बिगर-प्रतिबंधित. लष्कर-पोलिसांचे ९ मिलिमीटरचे काडतूस, जुन्या सरकारी रिव्हॉल्व्हरांची .३८० आणि .४५५ ही कडेदार काडतुसे ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरात बसून उडू शकतात, ती शस्त्रे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. इथे निकष ताकदीचा नाही. सरकारी कोठारातले काडतूस खासगी शस्त्रात चालता कामा नये, एवढाच तो निकष आहे. शिपायाने चोरून विकलेली पेटी कोणाच्या कामी येऊ नये, अशी ही व्यवस्था.

तिचे मूळ ब्रिटिश राजवटीत आहे. मार्टिनी-हेन्री रायफलीची सरकारी काडतुसे फुटून बाहेर जातात या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी आली. विलायतेतल्या बंदूक-कारखानदारांनी मग शिकाऱ्यांसाठी .४६५ आणि .४७० अशी नवीच मापे काढली. शिकारीच्या इतिहासात गाजलेली ही मापे कोण्या शास्त्रज्ञाला सुचली म्हणून आली नाहीत. हिंदुस्थान सरकारचा एक हुकूम चुकवण्यासाठी ती आली. राजवट बदलली, तत्त्व तेच राहिले आणि पिस्तुलांच्या बाबतीत त्याचा परिणाम असा झाला की भारतीय नागरिकाच्या वाट्याला मुख्यत्वे .३२ आले. जगात इतरत्र जवळजवळ अडगळीत गेलेले हे माप भारतात मात्र प्रतिष्ठेचे ठरले. याचे श्रेय काडतुसाच्या गुणांना फारसे नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांची व्यापारी आयात जवळजवळ बंद झाली. जुनी वेब्ली अँड स्कॉट किंवा वॉल्थर हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव वस्तूच्या गुणवत्तेशी संबंध न राखता चढत गेले. उरलेली गरज सरकारी कारखान्यांनी भागवली. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, पश्चिम बंगालमधल्या कारखान्यांचे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल, जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’, .२२ बोअरचे ‘निडर’ आणि २०२३ मध्ये आलेले, चक्री बाजूला उघडणारे ‘प्रबल’ ही त्यातली ठळक नावे. अलीकडे खासगी कारखान्यांनाही परवाने मिळू लागले आहेत. तरी या यादीत मापे मोजावीत तर ती दोनच भरतात, .३२ आणि .२२.

त्यातही .३२ म्हणजे एक काडतूस नव्हे, आणि नवख्याची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. रिव्हॉल्व्हरचे .३२ म्हणजे ‘स्मिथ अँड वेसन लाँग’. ते १८९६ साली आले. पुंगळी साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब, बुडाला ठसठशीत कड आणि पुढे सहा ग्रॅमहून थोडी जड, बहुधा उघड्या शिशाची, गोल तोंडाची गोळी. पिस्तुलाचे .३२ म्हणजे ‘एसीपी’. जॉन ब्राउनिंगने ते १८९९ साली आपल्या स्वयंभरणी पिस्तुलासाठी बेतले. पुंगळी सतरा मिलिमीटरची, कड अर्धवट, गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवलेली. परवान्यावर नुसते ‘.३२’ लिहिलेले असते आणि दुकानदारही तेवढेच बोलतो. ही दोन काडतुसे एकमेकांच्या जागी वापरण्यासाठी केलेली नाहीत. घेताना ‘रिव्हॉल्व्हरचे’ की ‘पिस्तुलाचे’ हे सांगायचे आणि डबीवरचे नाव नळीवरच्या छापाशी ताडून पाहायचे.

ताकदीत दोघे जवळजवळ सारखे. रिव्हॉल्व्हरची जड गोळी सेकंदाला २१५ ते २३५ मीटर वेगाने जाते, पिस्तुलाची हलकी गोळी २७५च्या आसपास. दोन्हींची ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल भरते. ९ मिलिमीटरची लष्करी गोळी पाचशेच्या वर जाते. हा तिपटीचा फरक ऐकून .३२ घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे तो पर्याय कधी नव्हताच, आणि असता तरी महिन्या-दोन महिन्यांनी रेंजवर जाऊन वीस-पंचवीस बार काढणाऱ्याच्या हातात तो पेलला असता का, हा निराळा प्रश्न.

फरक पडतो तो वापराच्या ढंगात. रिव्हॉल्व्हरची चक्री चापाने फिरते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. पिस्तुलात फुसका बार झाला की वरचा सरकता भाग हाताने मागे ओढून तो बाहेर काढावा लागतो आणि घाबरलेल्या किंवा सराव नसलेल्या हाताला ते जमतेच असे नाही. .३२ एसीपीची कड अर्धवट असल्याने मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकून बसण्याचा एक जुना दोषही त्यात आहे. भरताना प्रत्येक काडतूस मागे नीट सरकवले की तो बहुतांशी टळतो. उलट, रिव्हॉल्व्हरचा चाप दुहेरी क्रियेत जड आणि लांब असतो. ओढता ओढता नळीच्या टोकावरची माशी लक्ष्यावरून सरकते आणि शिशाच्या गोळीमुळे नळीत थर साचतो तो वेगळाच. क्वचित वापर करणाऱ्याला रिव्हॉल्व्हर आणि नियमित सराव करणाऱ्याला पिस्तूल, हा जुन्याजाणत्यांचा सल्ला अजून मोडीत निघालेला नाही.

.२२ची गोष्ट वेगळी. १८८७च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालेले .२२ लाँग रायफल हे काडतूस जगात सर्वाधिक उडवले जाणारे मानले जाते आणि एनसीसीच्या शिबिरात गेलेल्या मराठी मुलामुलींनी आयुष्यात पहिला बार बहुधा याचाच काढलेला असतो. गोळी अवघी २.६ ग्रॅमची. पिस्तुलातून वेग पावणेतीनशे मीटरच्या आगेमागे आणि ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास. याला वेगळी टोपी नसते. स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याची सुई त्या कडेवर आपटते. म्हणून रिकामा चाप ओढून सराव करताना .२२ मध्ये खोटे काडतूस घालणे आवश्यक, नाही तर सुई काडतूस-कोठीच्या कडेवर आपटून दोन्हींची नासाडी होते. धक्का नगण्य, आवाज तुलनेने सौम्य, खर्च कमी. स्वसंरक्षणासाठी ते अपुरे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण ते निरुपद्रवी नाही. मोकळ्या रानात कोन देऊन सुटलेली .२२ची गोळी दीड किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते, आणि मावळात दीड किलोमीटरवर कुठली ना कुठली वस्ती असतेच.

याहूनही खाली ४.५ मिलिमीटरचे एअर पिस्तूल येते. त्यात दारू नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो आणि ऊर्जा पाच-सहा ज्यूल. २०१६च्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरचे आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेचे हवाई शस्त्र परवान्यातून मुक्त आहे. पालक विचारतात, हे खेळणे की शस्त्र? डोळा जाण्याइतके ते शस्त्र आहे आणि ऑलिंपिकचे पदक मिळण्याइतका तो खेळ.

बोअर निवडताना ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती म्हणजे हाताला बसणारा धक्का आणि त्याने मनात बसणारी धास्ती. गोळीचे वजन गुणिले वेग हा हिशेब केला आणि दारूच्या वायूचा भाग सोडून दिला, तर एअर पिस्तुलाचा धक्का १ धरल्यास .२२चा ९, दोन्ही .३२चा १७ ते १८ आणि ९ मिलिमीटरचा ३८च्या घरात येतो. हे आकडे काडतुसाचे. हाताला काय जाणवेल हे शस्त्राच्या वजनावर ठरते. तेच .३२ काडतूस ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरात सोसवते आणि ५०० ग्रॅमच्यात तळहाताला झोंबते. हलके शस्त्र बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड असते. ‘स्त्रियांसाठी हलके’ या जाहिरातीतली गफलत इथे आहे. लहान हाताला खरी गरज मूठ नीट भरण्याची आणि चाप बोटाच्या पेरापर्यंत येण्याची असते. वजन कमी करून ती भागत नाही.

धास्तीचे लक्षण ठरलेले आहे. चाप सुटण्याच्या क्षणाआधीच मनगट खाली दबते, डोळे मिटतात आणि गोळ्या उजव्या हाताच्या नेमबाजाच्या टार्गेटवर डावीकडे खाली गोळा होतात. नेमबाज समजतो की शस्त्राची माशी वाकडी आहे आणि ती दुरुस्त करायला निघतो. चक्रीत दोन-तीन खरी आणि बाकीची खोटी काडतुसे मिसळून दिली की खोट्या काडतुसावर चाप पडताच नळी खाली कशी झुकते हे त्याला स्वतःच दिसते. ही सवय एकदा लागली की सुटायला महिने लागतात आणि मोठ्या बोअरवर शिकायला सुरुवात केली की ती हमखास लागते. त्यापेक्षा छर्र्यावर काही हजार, मग .२२वर काही हजार आणि त्यानंतर .३२ हा क्रम धीराचा खरा, पण स्वस्तातला आहे. परवान्यावर वर्षाकाठी मिळणाऱ्या मोजक्या .३२ काडतुसांत कोणाचाच हात बसत नाही.

खेळाचा दाखलाही याच बाजूचा आहे. भारताला ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाने मिळालेली सगळी पदके या दोन लहान मापांची आहेत. २०१२ साली लंडनमध्ये विजय कुमारचे रौप्य .२२च्या रॅपिड फायरमध्ये, तर २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरचे वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगबरोबरचे मिश्र सांघिक अशी दोन कांस्ये एअर पिस्तुलात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले तेही .२२वर; त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूर आणि पुणे ही महाराष्ट्रातल्या नेमबाजीची दोन नावाजलेली केंद्रे. पुण्यातली बालेवाडीची रेंज १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी उभ्या राहिलेल्या क्रीडानगरीतली, आणि लोणावळा-तळेगावच्या मुलांना तीच जवळची.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा मीटरवरचे दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते, साधारण शर्टाच्या बटणाएवढे. चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम हवे. २५ मीटरच्या पिस्तुलात ते एक किलो. २५ मीटरच्या अचूकतेच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ पाच सेंटीमीटरचे. छर्र्यावर बटण साधणाऱ्याला .२२वर ते वर्तुळ मोठे वाटते, पण फायदा दिसतो तेवढा मिळत नाही. अंतर अडीचपट झाले की हाताची थरथरही तेवढीच मोठी होऊन कागदावर उतरते.

.३२लाही खेळात मानाची जागा आहे, आणि ती भारतीय परवाना-पद्धतीशी काहीही संबंध नसलेल्या कारणाने. ‘सेंटर फायर पिस्तूल’ या २५ मीटरच्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर यांमधले कोणतेही माप चालते. जसपाल राणाने १९९४ साली हिरोशिमात आणि २००६ साली दोहात याच प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकले. वरकरणी वाटते की मोठी गोळी मोठे भोक पाडते, तेव्हा वर्तुळाच्या रेघेला स्पर्श होण्याची शक्यता वाढते. नियम करणाऱ्यांनी ती पळवाट बंद केली. भोकात घालून गुण ठरवायचा मापक सगळ्यांसाठी ९.६५ मिलिमीटरचाच. मोठ्या बोअरचा फायदा गेला, धक्का मात्र राहिला. मग जगभरच्या स्पर्धकांनी चपट्या तोंडाची गोळी भरलेले .३२ स्मिथ अँड वेसन लाँग उचलले, कारण ते सौम्य आहे आणि कागदात कात्रीने कापल्यासारखे गोल भोक पाडते. इटलीच्या पार्दिनीसारखे कारखाने .२२ आणि .३२ ही दोन पिस्तुले एकाच मुठीची आणि एकाच ढंगाच्या चापाची बनवतात ते याचसाठी. पेठेतल्या दुकानात मिळणारे गोल तोंडाचे .३२ आणि हे स्पर्धेचे .३२ यांत पुंगळी तेवढी समान.

रेंजबाहेरच्या वापराबद्दल मावळात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. पहिला जनावरांचा. भातखाचरांत रानडुकरे शिरतात, डोंगरालगतच्या वाड्यांवर बिबट्या कुत्री उचलतो. यावर पिस्तूल हे उत्तर नाही, मग बोअर कोणताही असो. .३२च्या गोळीने डुक्कर मरत नाही, चवताळते. बिबट्या तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाच्या राखणीसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे ती लांब नळीच्या बंदुकीची किंवा ठासणीच्या बंदुकीची, आणि नुकसानीसाठी वनखात्याची भरपाई आहे.

दुसरा प्रश्न घराचा. एकाकी बंगल्यात राहणाऱ्याला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला तर .३२ हाच व्यवहारी पर्याय उरतो आणि घराच्या आतल्या अंतरांना तो पुरतो. विचार करायचा तो गोळी चुकल्यावर ती कुठे जाईल याचा. शेतघरांच्या पातळ भिंती आणि पत्र्याचे दरवाजे .३२लाही रोखत नाहीत. बाहेर तर सगळा काळा कातळ. त्यावर कोनात आदळलेली शिशाची गोळी कुठल्या दिशेला उसळेल ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ‘टेकडीच्या पोटाला चार बार काढून बघू’ हा सुटीच्या दिवशीचा उत्साह बेकायदा तर आहेच, शिवाय मूर्खपणाचाही आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याला तर शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने स्पष्ट शिक्षा ठरवली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. महामार्ग आणि एमआयडीसीने जमिनींना भाव आणल्यापासून कमरेला पिस्तूल लावून मिरवण्याची जी हौस या पट्ट्यात दिसते, तिच्या लेखी बोअर हा दागिन्याच्या वजनासारखा असतो. ती हौस या विषयाच्या कक्षेबाहेरची आहे.

पाऊस मात्र कक्षेत येतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेही दमट राहतात. .२२ची गोळी पुंगळीच्या तोंडात सैलसर बसवलेली, बाहेरून मेण लावलेली असते; दमटपणा तिला लवकर बाधतो. तळकोकण आणि मावळ या दोन्हीकडे श्रावणात .२२चे फुसके बार वाढतात ते त्यामुळे. .३२ची पुंगळी गोळीभोवती घट्ट आवळलेली असल्याने ते काडतूस जास्त टिकते, पण पितळेवर हिरवा थर चढलेले काडतूस कोणत्याही बोअरचे असो, वापरू नये. शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवून देण्याची पद्धत इथे सर्वांत घातक. चामडे ओल धरते आणि दोन आठवड्यांत नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. तेलाचा हलका हात, सुती कापड, बंद डबा, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, एवढे पुरते.

कागदपत्रांच्या बाबतीत मावळ तालुका दोन कारभारांत विभागला आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा तळेगाव आणि देहूरोडचा भाग त्यात गेला. तिथल्या रहिवाशाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिली. तिथला परवाना जिल्हाधिकारी देतात आणि पोलिसांचा अहवाल ग्रामीण अधीक्षकांमार्फत येतो. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण हवे. खेळासाठी शिकणाऱ्या लहानांना देखरेखीखाली मुभा आहे. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. नोंदणीकृत खेळाडूंना त्यात सवलत आहे. दोनच जागा असल्याने निवड जपून करावी लागते. घरात आधीच बारा बोरची बंदूक असेल तर एकच जागा उरते. ती .३२ने भरली की .२२चा सराव क्लबच्या शस्त्रावर करावा लागतो.

उरतो वारशाचा प्रश्न. सैन्यात गेलेल्या पिढ्यांमुळे मावळातल्या काही घरांत आजोबांचे रिव्हॉल्व्हर ट्रंकेत असते आणि ‘बत्तीसचे आहे’ एवढेच सांगितले जाते. मूळ परवानाधारक वारल्यावर, किंवा तो सत्तरीला पोहोचल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिल्यावर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो; पण शस्त्र प्रत्यक्षात .३८० किंवा .४५५ निघाले तर प्रकरण प्रतिबंधित बोअरचे होते आणि त्याची वाट पूर्ण वेगळी. परवाना चालू नसेल तर आधी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे भाग आहे. तिथे चक्री उघडून, नळीवरचा आणि सांगाड्यावरचा छाप भिंगाखाली वाचून, मापक आत घालून खरे माप ठरते. सोबत सापडलेली जुनी काडतुसे त्या शस्त्राचीच आहेत असे धरून चालत नाही. ट्रंकेत एकत्र असणे हा त्यांच्या नात्याचा पुरावा नसतो, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टोप्यांतला क्षार एका बारातही नळी खाऊ लागतो.